दुखरी कंबर औताला धरताना

इस्लापूरच्या थांब्यावर नांदेडच्या गाडीची वाट बघणाऱ्यांत एकाच्या तरी काखेत ते मोठं पाकीट असतं. आत एमआरआयच्या काळ्या फिल्मा, आणि तोंडी एकच वाक्य : "मणक्यात गॅप पडलाय म्हणतेत." पाच वर्षं ते पाकीट माझ्याही काखेत होतं. एका दवाखान्यात लगेच ऑपरेशन सांगितलं, दुसरीकडं पट्टा दिला, तिसरीकडं लाल रंगाची सुई टोचली. आता ते कपाटावर धूळ खातंय आणि मी दिवाळीनंतर माझ्या शेतात कापूस वेचणीला उभा असतो. दुखणं गेलं असं म्हणणार नाही. ते घरात आहे, पण घर चालवत नाही. मधल्या काळात जे चुकलं आणि जे जमलं, त्यावरून ही कृती लिहितोय. दुखणं तीन महिन्यांच्या पुढं गेलेल्या कंबरेसाठी आणि मानेसाठी ती आहे. काल पडून लागलेल्या मारासाठी नाही.

आधी चाळण

बहुतेक कंबरदुखीच्या मागं गंभीर रोग नसतो. पण ज्या थोड्यांच्या मागं असतो त्यांना व्यायाम सांगणं म्हणजे तापलेला बैल औताला जुंपणं. म्हणून पहिल्या दिवशी स्वतःला चाळण लावा.

लघवी अडते किंवा नकळत होते, संडासवरचा ताबा गेलाय, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झालाय, दोन्ही पायांतलं बळ उतरतंय. यातलं एकही असेल तर पुढं वाचू नका. मणक्याच्या तळाशी नसांचा झुपका असतो, तो दाबला गेल्याची ही लक्षणं आहेत. इथं ऑपरेशन टाळायचं नसतं, तासांच्या हिशेबात करून घ्यायचं असतं. सकाळच्या गाडीची वाट बघू नका, रात्रीच १०८ ला फोन करा. पाऊल उचलत नाही, चालताना चप्पल निसटते, हेही त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवायचं. मानेचं लक्षण वेगळं : शर्टाचं बटण लावता येत नाही, हातातून कप सुटतो, चालताना झोक जातो. तिथं मज्जारज्जूवर दाब असू शकतो.

संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना आणि पाठीच्या एकाच मणक्यावर बोट दाबलं की जीव जाणं. हे मणक्याच्या टीबीचं चित्र आहे. खोकला असेलच असं नाही, म्हणून तो लवकर ध्यानात येत नाही. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध फुकट आहे. गोळ्या किमान वर्षभर घ्याव्या लागतात, पण वेळेत सापडला तर बहुतेकांना त्या पुरतात.

किनवट-माहूर पट्ट्यात आणखी एक गोष्ट. आदिवासी वस्त्यांत एखाद्या पोराची पाठ, हातपाय मधूनमधून असह्य दुखतात, डोळे पिवळे दिसतात, अंगात रक्त कमी असतं. घरचे म्हणतात, कामचुकार आहे. तो सिकलसेल आजार असू शकतो. २०२३ पासून देशभर त्याच्या निर्मूलनाची मोहीम चालू आहे आणि रक्ताची साधी तपासणी सरकारी यंत्रणा करते. त्या पोराला पुढचे व्यायाम देण्याआधी ती करून घ्या.

चाळीस-पंचेचाळीसच्या आत सुरू झालेली, पहाटे लाकूड झाल्यासारखी, हालचालीनं सुटणारी आणि पडून राहिल्यानं वाढणारी कंबरदुखी संधिवाताची असू शकते. तिचं औषधच निराळं आहे. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, झाडावरून वा बैलगाडीतून पडला असाल, किंवा वर्षानुवर्षं अनोळखी पुड्या खाऊन हाडं ठिसूळ झाली असतील, तरी आधी डॉक्टर.

बायकांसाठी एक वेगळा शब्द. अंगावरून पांढरं गेल्यानं हाडं झिजतात आणि म्हणून कंबर दुखते, हे आजीपासून नातीपर्यंत सगळ्या सांगतात. हाडं तशी झिजत नाहीत. पण ओटीपोटात दुखणं, वास येणारं पांढरं जाणं हा स्वतंत्र आजार आहे आणि त्याला स्वतंत्र औषध लागतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी कुणी तपासलेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. 'कंबर दुखते' एवढंच सांगून गप्प बसणाऱ्या बाईला दोन प्रश्न जास्त विचारावेत, ते यासाठी.

त्याच बंगांच्या 'सर्च' संस्थेनं पुढं गावातल्या पाठदुखीचाही अभ्यास केला. मुंबईचे मणक्याचे शल्यविशारद डॉ. शेखर भोजराज त्यात सोबत होते. खुर्चीवर बसणाऱ्यांचा आजार म्हणून ज्याची ख्याती, तो रानात राबणाऱ्यांत भरभरून सापडला. ते वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही.

पाकिटातलं काय खरं मानायचं

चाळणीतून सुटलात तर पाकीट उघडा, पण घाबरू नका. २०१५ मध्ये संशोधकांनी आधीच्या ३३ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. त्यातली ३,११० माणसं अशी होती की ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती. तरी विशीतल्या ३७ टक्क्यांच्या फिल्मवर चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. फुगलेली चकती विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. पन्नाशीच्या माणसाची फिल्म कोरी निघाली तर नवल करायचं.

'गॅप पडला' या शब्दानं तर फार नासाडी केलीय. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं भिंतीला गेलेली चीर येते. प्रत्यक्षात दोन मणक्यांमधली चकती थोडी बसलेली असते, म्हणजे अंतर उलट कमी झालेलं असतं. त्यातून काही निसटून पडणार नसतं. आणि चकतीतून बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेतं. नेदरलँड्समध्ये पायात उतरलेल्या तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २००७ मध्ये छापला गेला. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना वाट बघायला सांगितलं. ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला हे खरं. वाट बघणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं, हेही खरं. पण वर्षाअखेर दोन्हीकडं ९५ टक्के माणसं बरी होती. म्हणून डॉक्टरला विचारायचा प्रश्न असा : मी तीन महिने थांबलो तर काय बिघडेल? पायातलं बळ जात नसेल तर बहुतेक वेळा उत्तर 'काही नाही' असं येतं.

पाया मोजा

लाल कंधारी गोऱ्हा औताला धरायचा तर आपण पहिल्या दिवशी नांगर लावतो का? आधी नुसतं जू खांद्यावर. मग शेजारी शिकलेला बैल आणि मागं हलकं लाकूड. मग दोन तास, ऊन चढायच्या आत सोडायचं. घाई केली तर खांदा येतो आणि जनावर जन्माचं बिचकतं. पाच वर्षं मी माझ्या कंबरेशी जे केलं ते मी गोऱ्ह्याशी कधीच केलं नसतं : बरं वाटलं त्या दिवशी दिवसभराची खुरपणी, मग चार दिवस बाजेवर.

म्हणून आधी मोजणी. दुखण्याला शून्य ते दहा असे आकडे द्या. सपाट रस्त्यावर चालायला लागा आणि दुखणं दोन आकड्यांनी वाढलं की थांबून घड्याळ बघा. तीन वेगवेगळ्या दिवशी असं करा. समजा १२, १५ आणि ९ मिनिटं भरली. सरासरी १२. सुरुवात १२ ला करायची नाही, १० ला करायची. तीच मोजणी बसण्याची करा आणि वाकून काम करण्याचीही. हे तीन आकडे भिंतीवर खडूनं लिहा. ते तुमचे पाये.

आठवडाभर रोज तेवढंच करा. चांगल्या दिवशी जास्त नाही आणि वाईट दिवशी कमी नाही. हा नियम सगळ्यात जड जातो, विशेषतः चांगल्या दिवशी. पुढच्या आठवड्यात मिनिटभर वाढवा. व्यायामात दुखणं एक-दोन आकड्यांनी वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जागेवर आलं तर चालेल. नाही आलं तर मात्रा जास्त झाली, पुन्हा मागच्या आठवड्यावर या.

दुखतंय म्हणजे आत काही फाटतंय, ही समजूत मोडायला वेळ लागतो. जुन्या दुखण्यात शरीराचं राखणीचं कुत्रं घरच्यांवरही भुंकायला लागलेलं असतं. ते मारून गप्प होत नाही. रोज त्याच वेळी, त्याच पावलांनी समोरून गेलात की भुंकणं उतरतं. झोप नसेल, कर्जाचा घोर असेल, पावसानं ओढ दिली असेल तर ते जास्त भुंकतं. हे मनाचे खेळ नाहीत, मेंदू आणि नसा अशाच चालतात.

सकाळचा पहिला तास

माझा सगळ्यात मोठा फायदा इथं झाला, आणि फुकट झाला. रात्री आडवं पडल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणूनच सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त पडतो. अमेरिकेत १९९८ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना सकाळी उठल्यावर वाकणं टाळायला शिकवलं, तर दुखण्याचे दिवस कमी झाले. आता आपल्या घरातली सकाळ बघा. उठल्याउठल्या अंगण झाडणं, सडा, गोठ्यातलं शेण काढणं, बादल्या उचलणं. दिवसातलं सगळ्यात खोल वाकणं आपण नेमकं पहिल्या तासात उरकतो.

कृती अशी. उठताना सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय बाजेखाली सोडा, हातानं रेटून बसा. मग चहा, तोंड धुणं, आणि तुमच्या पायाइतकं चालणं. शेण-झाडलोट त्यानंतर, शक्यतो तासाभरानं. झाडूला लांब दांडा लावून घ्या. गाय थांबते, घरचे कुरकुरतात. कुरकुरू द्यात.

झोपायला लोक फरशी सुचवतात, 'कडक झोपा' म्हणतात. स्पेनमध्ये ३१३ जणांना कुठली गादी कुणाला मिळाली ते न सांगता तीन महिने झोपवलं. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. आपल्याकडं याचा अर्थ झोळ पडलेल्या बाजेची पायथ्याची दोरी ओढून घ्या आणि वर दोन वाकळा टाका. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांत उशी, उताणे झोपत असाल तर गुडघ्यांखाली गुंडाळलेली वाकळ.

चालणं

व्यायामाच्या नावानं एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या ७०१ जणांवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये 'लॅन्सेट'नं छापला. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेलेल्यांना दुखणं परतायला मध्यक २०८ दिवस लागले, काहीच न केलेल्यांना ११२. "दिवसभर रानात चालतोच की," असं मला सगळे ऐकवतात. रानातलं चालणं ढेकळांतून, ओझ्यासकट, थांबत-थांबत असतं. इथं मोकळे हात, सपाट रस्ता आणि एक लय हवी. पावसाळ्यात पैनगंगा भरली की पोरं सहस्रकुंडाचा धबधबा बघायला धावतात, तिथल्या निसरड्या खडकांवर तुम्ही तुमचा चालण्याचा कोटा पुरा करायला जाऊ नका.

वाकळेवरचे व्यायाम

जमिनीवर वाकळ अंथरा. सगळे मिळून पंधरा मिनिटं. श्वास कुठंही रोखायचा नाही.

सुरुवात वंगणाची. गुडघे आणि तळहात टेकून जनावरासारखे उभे राहा. पाठ मांजरीसारखी वर कमानवा, मग सावकाश खाली सोडा. सहा-सात वेळा. इथं ताण द्यायचा नाही, कुलपाला तेल घालायचं एवढंच.

मग तीन व्यायाम कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे. पहिला : उताणे झोपा, एक पाय दुमडा, दुसरा सरळ. दोन्ही तळवे कंबरेच्या पोकळीखाली. डोकं आणि खांदे फक्त इतके उचला की खालून कागद सरकेल. दहा सेकंद. पूर्ण उठून बसण्याचा जो व्यायाम शाळेत शिकवतात, तो दुखऱ्या कंबरेनं करू नये. दुसरा : कुशीवर, कोपर आणि गुडघ्यांवर अंग तोलून कंबर वर उचला, दहा सेकंद, मग दुसरी कूस. तिसरा : पुन्हा चार पायांवर, उजवा हात आणि डावा पाय एका रेषेत ताणा, दहा सेकंद, मग उलट. पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजा. प्रत्येकाची पहिली फेरी सहा वेळा, दुसरी चार, तिसरी दोन. पहिल्या आठवड्यात तीन, दोन, एक पुरे.

शेवटी सेतू. उताणे, गुडघे दुमडलेले, ढुंगण आवळून कंबर वर, पाच सेकंद, दहा वेळा. बसून-बसून ढुंगणाचे स्नायू झोपी गेलेले असतात आणि त्यांचं काम बिचारी कंबर करते.

योगासनं करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. पुण्यात १९७५ साली उभ्या राहिलेल्या रमामणी अय्यंगार संस्थेत बी. के. एस. अय्यंगारांनी भिंत, दोर, खुर्ची, लाकडी ठोकळे यांच्या आधारानं दुखऱ्या शरीरांना आसनं दिली. आधार घेणं कमीपणाचं नाही, हे त्यांच्याकडून घ्या. दूरचित्रवाणीवर बघून पश्चिमोत्तानासनात गुडघ्याला नाक लावायला जाणाऱ्यांचं मात्र माझ्याजवळ औषध नाही.

कळ पायात उतरत असेल तर

१९५६ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टकडं पायात कळ उतरणारा एक रुग्ण आला. त्याला पालथं झोपायला सांगून मॅकेन्झी दुसरीकडं गुंतले. त्या पलंगाचं डोक्याकडचं टोक आधीच्या रुग्णासाठी वर केलेलं तसंच राहिलं होतं. रुग्ण तसाच, कंबर मागं वाकवून पालथा पडून राहिला. मॅकेन्झी परतले तर तो म्हणाला, पायातली कळ गेली. त्या चुकीतून एक उपचारपद्धती निघाली.

करून बघण्याची रीत : पालथे झोपा, दोन मिनिटं. मग कोपरांवर अंग उचला, दोन मिनिटं. त्रास वाढला नाही तर तळहात टेकून भुजंगासनासारखं वर या, कंबर जमिनीकडं सैल सोडा, लगेच खाली. दहा वेळा. आता कळ कुठं आहे ते बघा. पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत आली तर वाट बरोबर, कंबर थोडी जास्त दुखली तरी. असं दिवसातून चार-पाच वेळा करा. कळ खाली पावलाकडं सरकली तर लगेच सोडा, हा व्यायाम तुमच्यासाठी नाही. म्हाताऱ्या माणसांत चालताना पाय भरून येतात आणि पुढं वाकून बसलं की मोकळे होतात. त्यांनीही मागं वाकण्याच्या भानगडीत पडू नये.

मान

पहिली गोष्ट : केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घेणं बंद. मानेतून मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी त्या झटक्यात चिरू शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. क्वचित होतं, पण दहा रुपयांच्या गमतीसाठी ही जोखीम कशाला?

फिनलंडमध्ये मान दुखणाऱ्या १८० महिला कर्मचाऱ्यांवर वर्षभर अभ्यास झाला, २००३ मध्ये छापला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा मानेची ताकद वाढवणाऱ्यांचं दुखणं कितीतरी जास्त उतरलं. म्हणून मान गरगर फिरवू नका, तिला ताकद द्या. भिंतीला पाठ लावून बसा, हनुवटी सरळ मागं ओढा, डबल हनुवटी पडली पाहिजे. पाच सेकंद, दहा वेळा. मग कपाळावर तळहात, डोक्यानं हाताला रेटा, हातानं डोक्याला अडवा, मान हलू द्यायची नाही, सहा सेकंद. तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. शेवटी खांद्यांची पाती मागं एकमेकींकडं आवळा, दहा वेळा.

उशी खांदा आणि कान यांच्यामधलं अंतर भरेल इतकीच. मोबाइल डोळ्यांकडं न्या, डोकं मोबाइलकडं नेऊ नका. डोक्यावर हंडा किंवा सरपण वाहणाऱ्या बायकांनी मान दुखत असताना चुंबळ खुंटीला टांगावी. दोन कळश्या दोन हातांत बऱ्या, आणि घरातल्या गड्यांनी चार खेपा केल्या तर त्याहून बऱ्या.

रानात

वाकायचं कसं ते आधी काठी घेऊन शिका. काठी पाठीवर उभी धरा : डोक्याच्या मागं, पाठीच्या मध्यावर आणि माकडहाडावर, तिन्ही जागी टेकलेली. आता गुडघे किंचित दुमडून ढुंगण मागं ढकलत पुढं झुका. काठी तिन्ही जागी टेकलेली राहिली तर तुम्ही खुब्यातून वाकलात, सुटली तर कंबरेतून. दिवसाला वीस वेळा. पंधरवड्यात काठीशिवाय जमतं.

फवारणीचा पंप सोळा लिटरचा. नुसतं पाणी सोळा किलो, वर पंपाचं वजन. तो जमिनीवरून उचलून पाठीवर घेणं हे हंगामातलं सगळ्यात वाईट उचलणं. पंप कंबरेइतक्या उंचीच्या ओट्यावर किंवा ड्रमवर ठेवून भरा, तिथंच पाठ लावून पट्टे अडकवा. दोन्ही पट्टे आवळलेले. पहिल्या वर्षी दहा लिटरच भरा. खेपा वाढतात, पण हंगाम पुरा होतो.

सोयाबीनचा कट्टा एकट्यानं उचलणं ही मर्दुमकी मी सोडली. दोघांनी, अंगाशी धरून, पाय वळवून. कंबर पिळत फेकायचा नाही.

वेचणीचं अवघड आहे, कारण मजुरी किलोवर. थांबलं की पैसे तुटतात. म्हणून थांबायला सांगत नाही, वाकण्यात मधूनमधून मोड पाडायला सांगतो. दर ओळीच्या टोकाला सरळ उभे राहा, हात कंबरेवर, पाच वेळा मागं वाका. अर्धं मिनिट लागतं. झोळी तीन-चार किलोला रिकामी करा, दहा किलोची लोंबती झोळी कंबरेला पुढं खेचते. ती एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं बांधा. खुरपताना उकिडवं बसून पुढं सरकणं गुडघ्यांना सोसत नसेल तर एक गुडघा टेका. मजूर लावणाऱ्या मालकानं लांब दांड्याची साधनं आणली तर मजुरांची कंबर वाचेल, पण याबाबतीत मला फारशी आशा नाही.

गोळ्या, सुया, पट्टे

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या बिनशस्त्रक्रियेच्या उपचारांची मार्गदर्शिका काढली. व्यायाम, दुखणं समजावून सांगणं, मालिश, मनाला आधार देणारे उपचार यांना तिनं जागा दिली. कंबरेचा पट्टा, वजन लावून ओढणं आणि अफूजन्य वेदनाशामकं नेहमीच्या उपचारात नकोत म्हणाली. माझा पट्टा दाराला कडी म्हणून वापरात आहे.

पॅरासिटामॉलनं नव्या कंबरदुखीत बरं होण्याचे दिवस कमी होत नाहीत, हे ऑस्ट्रेलियात १,६०० वर माणसांवर तपासून २०१४ मध्ये दिसलं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक थोडे दिवस, जेवणानंतर, डॉक्टरला विचारून. रक्तदाब, किडनी, हृदय किंवा अल्सरचा त्रास असेल तर स्वतःच्या मनानं मुळीच नाही. लाल सुई म्हणजे बहुधा बी-बारा. कमतरता असेल तरच तिचा उपयोग.

नाव नसलेल्या पुडीनं दोन दिवसांत अंग हलकं झालं, चेहरा भरला, भूक वाढली, तर आत स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. मात्र महिनोन्महिने घेत असाल तर एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन सरकारी डॉक्टरकडं जा आणि हळूहळू उतरवून घ्या. बिब्ब्याचे चटके आणि डाग देणं यांनी फक्त जखम मिळते. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक पंधरा-वीस मिनिटं खुशाल घ्या. तंबाखू सुटली तर चकत्यांनाही बरं, एवढं सांगून पुढं जातो. या विषयावर माझं घरातही कुणी ऐकत नाही.

उसण भरली तर

सगळं नीट चालू असताना एक दिवस वाकल्यावर चमक भरणारच. आमच्याकडं तेव्हा पायाळू माणसाचा शोध सुरू होतो. त्यानं पाठीला पाय लावला की उसण उतरते म्हणतात. उतरते, कारण ती बहुतेक वेळा चार दिवसांत तशीही उतरते. हळूच पाय लावणाऱ्याला नको म्हणू नका, जोरात लाथ घालणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

एक-दोन दिवस शेक, गुडघ्यांखाली वाकळ घेऊन पडणं, दर तासाला उठून घरातल्या घरात चार फेऱ्या. अंथरुणावर आठवडा काढू नका. दोन दिवसांच्या आरामानं जे होतं त्याहून जास्त सात दिवसांनी होत नाही, हे १९८६ पासून माहीत आहे. तिसऱ्या दिवशी चालणं, पायाच्या निम्म्यानं. आठवड्यात जुन्या आकड्यावर या. आणि चाळण पुन्हा लावा, दर वेळी.

पहिला फरक सहा आठवड्यांनी दिसतो, नीट फरक तीन महिन्यांनी. तोवर किती दुखलं ते रोज लिहू नका, काय करता आलं ते लिहा : चाललो २२ मिनिटं, नातीला उचललं, बाजारातून उभ्यानं परत आलो. दुखण्याचा आकडा वरखाली होत राहतो. ही यादी वाढत जाते.

कापूस दसऱ्याच्या आसपास फुटायला लागतो. तिथून मागं तीन महिने मोजले की आषाढ येतो, म्हणजे वेचणीची कंबर पेरणी उरकल्याबरोबर घडवायला घ्यावी लागते. पण तुमच्या हाती हे कुठल्याही महिन्यात पडलेलं असो, उद्या सकाळी चहानंतर घड्याळ लावून निघा. दुखणं दोन आकड्यांनी वाढलं की थांबा आणि परत आल्यावर मिनिटं भिंतीवर लिहा.